वन्स मोअरची तयारी: नागपुरातल्या आयोजकांसाठी, कलाकारांसाठी आणि रसिकांसाठीही

कार्यक्रम संपला, कलाकार नमस्कार करून विंगेत गेले आणि मागच्या रांगांमधून ‘अजून एक होऊ द्या ना जी!’ अशी हाक आली, तर पुढच्या दोन मिनिटांत काय करायचं हे आपल्याकडे फारसं कोणी ठरवलेलं नसतं. मग धावपळ होते. निवेदक आयोजकाकडे बघतो, आयोजक घड्याळाकडे बघतो, तबलजी हातोडी शोधतो आणि तोवर कोणीतरी सभागृहाचे दिवे लावून टाकतो. लोकांनी मनापासून मागितलेली गोष्ट अशी हातची जाते. हाक आपोआप येते, पण तिला उत्तर देण्याची तयारी कार्यक्रमपत्रिका लिहिताना, म्हणजे महिनाभर आधी करावी लागते. ती कशी करायची, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी मागणी कोणती, ते ओळखा

आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींना ‘वन्स मोअर’ हे एकच नाव आहे. नाटकाच्या मध्येच एखादं पद रंगतं आणि तेच पद लगेच पुन्हा मागितलं जातं, ही पहिली. मैफल किंवा वाद्यवृंदाचा कार्यक्रम संपल्यावर नवं काहीतरी ऐकवा म्हणून होणारी मागणी, ही दुसरी. आणि भीमगीतांच्या कार्यक्रमात, कव्वालीच्या मुकाबल्यात किंवा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात मंचापर्यंत चालत येऊन, बक्षिसाची नोट देऊन, नाव पुकारून घेतली जाणारी फर्माईश, ही तिसरी. तिन्हींची तयारी वेगळी असते.

पहिली सगळ्यात जुनी. १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि पुढच्या काही दशकांत पदांना वन्स मोअर मिळणं हेच नटाच्या यशाचं माप झालं. एकेक पद पुन्हा पुन्हा घेत प्रयोग पहाटेपर्यंत चालत. तेव्हा ते जमत होतं, कारण सभागृहाला वेळेची अशी मर्यादा नव्हती आणि प्रेक्षक रात्र काढायच्या तयारीनेच येत.

हा प्रश्न आपल्यापुरताच होता असंही नाही. १७८६ साली व्हिएन्नात मोझार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेराला इतके तुकडे पुन्हा गायला लावले गेले की प्रयोग फार लांबू लागला. शेवटी सम्राट दुसऱ्या जोसेफने हुकूम काढला की एकापेक्षा जास्त आवाजांचा कोणताही तुकडा पुन्हा होणार नाही. तो नियम मला आजही कामाचा वाटतो. एकट्याचं गाणं पुन्हा घेणं सोपं आहे. समूहगीतात सगळ्यांना पुन्हा जागेवर आणावं लागतं आणि तेवढ्यात रंग उतरतो. तुमच्या कार्यक्रमात वन्स मोअरसाठी एकल गाणंच राखून ठेवा.

वेळ उलटी मोजा

सभागृह सत्राप्रमाणे मिळतं. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह असो, रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह असो की लक्ष्मीनगरचं सायंटिफिक, तुमचं सत्र संपण्याची वेळ म्हणजे शेवटचा सूर थांबण्याची वेळ नव्हे. त्या वेळेला सभागृह रिकामं, सामान गोळा झालेलं आणि किल्ल्या परत द्यायच्या अवस्थेत हवं.

समजा, तुमचं सत्र रात्री १० ला संपतं. प्रेक्षक बाहेर पडायला आणि वाद्यं, केबल, माइक आवरायला २५ मिनिटं धरा. दोन हजारांच्या आसपास खुर्च्या असलेल्या सुरेश भट सभागृहात गर्दी असेल तर याहून जास्त धरा. म्हणजे शेवटचा सूर ९.३५ ला. वन्स मोअरला १० मिनिटं राखली, तर ठरलेला कार्यक्रम ९.२५ ला संपायला हवा. पत्रिकेवर ६.३० लिहिलं आणि तिसरी घंटा ६.४५ ला झाली, तर हातात २ तास ४० मिनिटं उरतात. त्यातलं १५ मिनिटांचं मध्यंतर वजा करा. आता दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा सत्कार आणि मनोगत यांना किती वेळ द्यायचा, ते ठरवा. वन्स मोअरची १० मिनिटं कोण खातं, याचं उत्तर जवळजवळ नेहमी या भागात सापडतं. मनोगतं ५ मिनिटांची एकच ठेवा आणि पाहुण्यांना ते निमंत्रण देतानाच, आदराने पण स्पष्ट सांगा.

प्रेक्षक घरी कसे जाणार, तेही याच हिशेबात धरा. रेशीमबागेच्या दारात मेट्रो नाही. शेवटची मेट्रो साधारण दहाच्या सुमाराला असते, म्हणून त्या आठवड्यातलं वेळापत्रक बघून घ्या. हिंगण्याहून, कामठीहून, बुटीबोरीहून आलेली मंडळी साडेनऊपासूनच चुळबुळ करायला लागतात. अर्धं सभागृह मनाने पार्किंगमध्ये पोचलेलं असताना मिळालेली टाळी वन्स मोअरची नसते.

मैदानावरच्या कार्यक्रमाचा हिशेब आणखी कडक आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहाला यातून सूट आहे. सणासुदीच्या किंवा सांस्कृतिक प्रसंगांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. तुमचा दिवस त्या १५ मध्ये आहे की नाही, ते पोलीस परवानगीच्या कागदावरच वाचा, कोणाच्या तोंडी शब्दावर राहू नका. सवलत नसेल तर मैदानावरचा वन्स मोअर ९.४५ च्या आत पूर्ण व्हायला हवा. इस्पितळ, शाळा किंवा न्यायालय यांच्यापासून १०० मीटरच्या आत मैदान असेल तर तो जाहीर केलेला शांतता परिसर असू शकतो. मग आधी जागेचाच फेरविचार करा.

क्रम बदला: आभार आधी, भैरवी शेवटी

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून सावकाश सांगतो.

आपल्याकडे शेवटचं गाणं झाल्यावर आभारप्रदर्शन असतं. टाळ्या टिपेला पोचलेल्या असताना सचिव कागद घेऊन माइकसमोर येतात आणि ध्वनिव्यवस्था, मंडप, छायाचित्रण, प्रसारमाध्यमं अशी नावं वाचायला लागतात. या ३-४ मिनिटांत लोक उठतात. मग वन्स मोअर येणार तरी कुठून? आभार शेवटच्या दोन गाण्यांआधी घ्या. कलाकारांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा असेल तर तो मध्यंतरानंतर लगेच उरकून घ्या. शेवटच्या गाण्यानंतर मंचावर फक्त कलाकार आणि टाळ्या एवढंच उरलं पाहिजे.

दुसरी गोष्ट भैरवीची. शास्त्रीय आणि उपशास्त्रीय मैफलीत भैरवी झाली की मैफल संपली, हा आपला संकेत आहे आणि तो मोडू नये असं माझं ठाम मत आहे. भैरवीनंतर यमन मागणारा रसिक गायकाला अडचणीत टाकतो. म्हणून वन्स मोअरची जागा भैरवीच्या आधी तयार करा. शेवटून दुसरी रचना झाल्यावर निवेदकाने अर्धं मिनिट शांत बसावं. कलाकाराने पाणी प्यावं, तानपुरा पुन्हा लावून घ्यावा. मागणी येणार असेल तर नेमकी याच फटीतून येते. आली तर एक रचना घ्यावी आणि मग भैरवी. भैरवी झाल्यावरही लोक हलेनातच, तर भैरवीतलाच एखादा छोटा अभंग किंवा भजन घ्यावं; राग तोच राहतो आणि संकेतही पाळला जातो.

पसायदान, वंदे मातरम् किंवा राष्ट्रगीताने समारोप होणार असेल तर त्यानंतर काहीही होत नाही. निवेदकाने ते आधी जाहीर करावं, म्हणजे ज्याला मागायचं आहे तो त्याआधी मागेल.

गाणं कोणतं राखून ठेवायचं

दोन गाणी तयार ठेवा आणि त्यातलं एकच गा. एक चढतं, टाळीचं. दुसरं शांत, चार मिनिटांच्या आतलं. कार्यक्रमाचा शेवट धमाल गाण्याने होत असेल तर बहुतेक वेळा शांत गाणंच चांगलं बसतं, कारण आधीच्या जोराला आणखी जोर लावून फारसं काही साधत नाही. विरहगीताने किंवा अभंगाने शेवट होत असेल तर चढतं गाणं घ्यायचं की नाही, ते गायकाच्या मनावर सोडा.

व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या नववर्षाच्या मैफलीत शेवटी काय वाजणार हे सगळ्या श्रोत्यांना ठाऊक असतं. ‘ब्लू डॅन्यूब’, आणि मग श्रोत्यांच्या ठेक्यातल्या टाळ्यांसह ‘रादेत्स्की मार्च’. इतकं ठरलेलं असूनही लोक त्याची वाट बघतात. म्हणून ‘आधीच ठरवलेला वन्स मोअर खोटा’ हा आक्षेप मला पटत नाही. गाणं तयार आहे म्हणून ते गायलंच पाहिजे असं कुठे आहे? मागणी आली नाही तर ते शांतपणे घरी न्या.

आता थोडं वादकांच्या जवळ जाऊन बघू. शेवटचं गाणं काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात आहे आणि वन्स मोअरचं काळी दोनमध्ये. तबलजीला तबला एक सूर चढवायचा आहे. तो हातोडी घेतो, गजऱ्यावर ठोकतो, शाईजवळ कान नेतो, पुन्हा ठोकतो. हे सगळं माइकमधून सभागृहभर ऐकू येत असतं आणि दोन मिनिटं जातात. त्या दोन मिनिटांत टाळ्या थंडावतात. यावर दोनच उपाय आहेत. वन्स मोअरचं गाणं शेवटच्या गाण्याच्याच पट्टीत ठेवा, किंवा दुसरा तबला आधीच लावून, कापड घालून तबलजीच्या बाजूला ठेवा. गायक काळी एकचा आणि गायिका काळी चारची असेल तर तोच काळी एकचा तबला गायिकेसाठी मध्यमाचा (तिच्या ‘म’च्या सुरात लावलेला) म्हणून चालून जातो. जोडीच्या कार्यक्रमात हा हिशेब फार उपयोगी पडतो. एसीच्या गारव्यात लावलेल्या वाद्यांचे सूर हलतात, म्हणून मध्यंतरात दुसरा तबला एकदा तपासून घ्यायला सांगा.

वाद्यवृंद असेल तर की-बोर्डचा पॅच, ऑक्टोपॅडचा टोन आणि कोरसचे माइक यांची नोंद ध्वनिसंयोजकाच्या यादीत सगळ्यात खाली करून ठेवा. चित्रपटगीतांच्या जाहीर कार्यक्रमासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा परवाना घेताना गाण्यांची यादी द्यावी लागली, तर ही दोन गाणीही तिच्यात टाका.

कलाकाराशी आधी बोला

पाहुण्या गायकाला मंचावरच, दोन हजार लोकांसमोर ‘बुवा, अजून एक होऊ द्या’ म्हणणं हा आग्रह नाही, अडवणूक आहे. मानधन ठरवतानाच विचारा: ‘ताई, लोकांनी मागितलं तर एखादं गाणं घ्याल का? साधारण पाच-सहा मिनिटांचं?’ त्या नाही म्हणाल्या तर तो विषय तिथेच संपवा. गळ्याची अवस्था गायकालाच कळते. नागपूरच्या मे महिन्यात दिवसभर प्रवास करून आलेल्या माणसाचा गळा साडेनऊला काय म्हणतो, ते आपल्याला बाहेरून दिसत नाही. हो म्हणाल्या तर साथीदारांनाही विचारा. जादा गाणं त्यांनाही वाजवायचं असतं.

शेवटची दोन मिनिटं: कान कुठे ठेवायचा

निर्णय एकाच माणसाने घ्यायचा. अध्यक्ष, सचिव, निवेदक आणि प्रायोजक अशा चौघांनी मिळून घेतला तर उशीर ठरलेलाच. तो माणूस विंगेत उभा असावा, त्याच्याकडे घड्याळ असावं आणि दिवे व ध्वनी सांभाळणाऱ्यांना त्याची खूण माहीत असावी. मोबाइलच्या टॉर्चची खूण पुरते: दोनदा चमकला तर थांबा, वन्स मोअर आहे, एकदाच लांब चमकला तर दिवे लावा. खूण मिळेपर्यंत सभागृहाचे दिवे लागता कामा नयेत आणि ध्वनिसंयोजकाने रेकॉर्डवरचं संगीतही सोडू नये. सभागृहात उजेड झाला की लोक पर्स, हेल्मेट आणि पाण्याची बाटली शोधायला लागतात. मग तानसेन आला तरी ते परत बसत नाहीत.

आता टाळी ऐका. शिष्टाचाराची टाळी कलाकार वळल्याबरोबर उतरायला लागते. खरी टाळी कलाकार विंगेत गेल्यावर वाढते, तिला ठेका येतो आणि मागच्या रांगा पुढच्यांपेक्षा जोरात वाजवतात. पुढच्या रांगेत पाहुणे आणि आयोजकांची माणसं असतात, त्यांच्याकडे बघून अंदाज बांधू नका. आणखी एक खात्रीची खूण आहे: खुर्च्या. आपोआप मिटणाऱ्या खुर्च्या असलेल्या सभागृहात लोक उठायला लागले की खट्-खट् असा आवाज येतो. टाळ्या चालू आहेत आणि खुर्च्या गप्प आहेत, तर दोनदा टॉर्च. टाळ्यांच्या खालून खटखट ऐकू येत असेल तर एकदाच.

निवेदकाने ‘आणखी एक गाणं ऐकायचंय का?’ असं कधीही विचारू नये. तो प्रश्न आला की लोकांची मागणी उरत नाही, होकार उरतो. वन्स मोअर घ्यायचाच ठरला तर ‘पुन्हा एकदा, ताई’ एवढं पुरेसं आहे. गाण्याची पार्श्वभूमी नको, किस्सा नको.

संगीत नाटकातला वन्स मोअर

इथे तालमीतच दोन-तीन पदं निवडून त्यांच्या परतीचा सराव करावा. नट पद संपवतो, टाळ्या पडतात, आवाज येतो. परत जायचं तर कुठून? पूर्ण पद कधीच घेऊ नये. शेवटचा अंतरा आणि ध्रुवपद, एवढंच. ऑर्गनवाल्याने ध्रुवपदाची ओळ वाजवली की ती सगळ्यांसाठी खूण: नटाने अंतऱ्याच्या जागेवर परत जायचं, प्रकाशयोजनाकाराने पुढचा बदल थांबवायचा.

सगळ्यात अवघड काम सहकलाकारांचं असतं. पद ऐकणाऱ्या पात्राने पद संपताना मान वळवली असेल, डोळे टिपले असतील, तर ते सगळं विसरून त्याला पुन्हा ऐकायला लागायचं असतं. घाई करून पुढचं वाक्य टाकलं की नट आणि प्रेक्षक दोघांचा विरस होतो. पदात हार घातला, पत्र फाडलं, दिवा विझवला, असं काही घडत असेल तर ते ध्रुवपदाच्या शेवटच्या आवर्तनावर ठेवा, म्हणजे वन्स मोअरसाठी हार काढून परत घालण्याची वेळ येणार नाही. एका पदाला एकच वन्स मोअर, आणि एका प्रयोगात दोनपेक्षा जास्त नकोत. नागपूरच्या मातीत वाढलेल्या वसंतराव देशपांड्यांनी १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये खाँसाहेब उभा केला. तसं गाणं समोर आलं तर प्रेक्षक नियम ऐकणार नाही, हे मलाही कळतं. तरीही नाटकाचा धागा सांभाळणं हे दिग्दर्शकाचं काम आहे.

राज्य नाट्य स्पर्धेत वन्स मोअर घेऊ नका. तिथे वेळ मोजली जाते. गद्य नाटकात तर प्रश्नच येत नाही. पडदा पुन्हा उघडून सगळ्या संचाने, पडद्यामागच्या मुलामुलींसह, नमस्कार करावा.

बक्षिसाच्या फर्माइशी

१४ एप्रिलच्या आसपास उत्तर नागपुरात रात्री भीमगीतांचे कार्यक्रम रंगतात, तेव्हा माणसं नोट हातात घेऊन मंचाकडे येतात. तो त्यांचा मान असतो, त्यांना खाली अडवू नका. मंचाच्या एका बाजूला एक कार्यकर्ता बसवा. त्याने नाव, रक्कम आणि गाणं वहीत लिहून घ्यावं आणि दोन गाण्यांच्या मध्ये एकदम तीन-चार नावं वाचावीत. गाणं चालू असताना नाव पुकारल्याने कडवं तुटतं. एकाच गाण्याच्या चार फर्माइशी आल्या तर गाणं एकदा, नावं चारही. बक्षिसाचं काय करायचं, ते साथीदारांसह आधी ठरलेलं असू द्या.

रसिकांसाठी थोडं

टाळी थांबवून ओरडू नका, टाळीतूनच मागा. गाण्याचं नाव घ्यायचं तर एकदाच घ्या. गायिकेने दुसरं गाणं निवडलं तर तेही तुमच्यासाठीच आहे. वन्स मोअर मिळाल्यावर बसून ऐका. मागून मिळालेलं गाणं दारात उभं राहून, गाडीची किल्ली फिरवत ऐकलेलं मंचावरून स्पष्ट दिसतं. आणि ते मोबाइलवर टिपायचं असेल तर स्क्रीनचा उजेड कमी करा.

नकार द्यायचा तर

वेळ संपली असेल, गळा बसला असेल, तर निवेदकाला नकार द्यायला पाठवू नका. कलाकाराने स्वतः बाहेर यावं, हात जोडावेत आणि एका वाक्यात सांगावं: ‘तुमची मागणी डोक्यावर घेतो, आज गळा साथ देत नाही.’ खरं कारण सांगितलं की नागपूरकर लगेच समजून घेतात आणि वर आणखी टाळ्या देतात. त्या टाळ्या संपल्यावरच दिवे लावायचे.

कार्यक्रमानंतर

वहीत चार गोष्टी लिहून ठेवा: वन्स मोअर आला का, कोणत्या गाण्यानंतर आला, काय गायलं आणि शेवटचा सूर किती वाजता थांबला. पुढच्या कार्यक्रमाला त्याच श्रोत्यांपैकी बरेच जण असणार आहेत, त्यांना तेच गाणं पुन्हा राखून ठेवू नका. मागणी येऊनही घेता आली नसेल तर ती का, तेही लिहा आणि पुढच्या सत्राचं आरक्षण करताना ती वही सोबत घेऊन जा.